नसबंदी झालेल्या कुत्र्यांचा वर्ग

जळलेल्या मोटारींना नवी तार भरून देतो म्हणून सगळा बाजार त्याला वाइंडिंगवालाच म्हणायचा. पंखा, पाण्याचा पंप, मिक्सर, काहीही जळलं की त्याच्या दुकानात यायचं आणि तो काळी पडलेली तार उपसून तिथे तांब्याची नवी तार वेढ्यामागून वेढा भरत बसायचा. बोलणं बेताचं. मूलबाळ नव्हतं. घरी बायको, दुकानात मोटारी, आणि माणसाला जी काही हौस असते ती सगळी एका कुत्र्यावर.

कुत्रा शिकारी जातीचा. लांबसडक पाय, आत ओढलेलं पोट, मातकट रंग. जाणकाराला तो राजबिंडा दिसायचा आणि बाकीच्यांना उपाशी. शेजारणी बायकोला विचारायच्या, "अगं, याला खायला घालता की नाही काही?" कागदोपत्री त्याचं नाव चांगलं घराण्यासकट लांबलचक होतं, पण घरात तो सुतळ्या. प्रदर्शनाच्या रिंगणात मात्र सुतळ्या असा काही उभा राहायचा की बघणाऱ्याची मान आपोआप ताठ व्हावी. बक्षिसं त्याने बरीच आणली होती. चॅम्पियन म्हणवून घ्यायला आता एकच विजय हवा होता, आणि पुढचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं.

त्याच सुमारास सासरे राहायला आले. सासूबाई गेल्यावर ते एकटे पडले होते, भाड्याचं घर सोडावं लागलं, मग लेकच जाऊन त्यांना घेऊन आली. आयुष्यभर छापखान्यात यंत्राशेजारी उभे राहिलेले, त्यामुळे ऐकायला कमी यायचं. माणूस भिडस्त. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे त्यांना अगदी चोरट्यासारखं व्हायचं. खुर्चीत बसायचे ते टोकावर. माझा कप, माझी खिडकी असे शब्द त्यांच्या तोंडून कधी यायचे नाहीत. सगळं लेकीचं, सगळं जावयांचं.

"जावईबापू, मला काहीतरी काम सांगा," ते रोज म्हणायचे. शेवटी वाइंडिंगवाल्याने सकाळचं सुतळ्याला फिरवणं त्यांच्याकडे दिलं. म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. दोघांचं छान जमलं. सासरे हळू चालायचे, सुतळ्याही त्यांच्याबरोबर हळू चालायला शिकला.

त्या दिवशी सासऱ्यांनी रोजचा जाड पट्टा न घेता प्रदर्शनाची बारीक दोरी घेतली. प्रदर्शन जवळ आलंय, आपणही जावयांसारखा याचा सराव घ्यावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. बाजारामागच्या रस्त्यावर मांजर आडवं गेलं. सुतळ्याने मान खाली घालून हिसडा दिला आणि दोरीचा फास डोक्यावरून निसटून सासऱ्यांच्या हातात राहिला. पुढच्याच वळणावर नगरपालिकेची गाडी भटकी कुत्री धरत होती. सासरे धापा टाकत पोचले तेव्हा सुतळ्या जाळीत होता. गळ्यात पट्टा नाही, अंगावर मांस नाही. भटका नाही असं कोण म्हणेल?

"आजोबा, तुमचा का हा?" गाडीवरच्या माणसाने विचारलं.

"माझा नाही," सासरे म्हणाले. मग त्यांना दम लागला. दम खाऊन त्यांनी पुढचं वाक्य पुरं केलं, "आमच्या जावयांचा आहे." तोवर गाडीचं दार आपटलं होतं आणि इंजिन सुरू झालं होतं.

हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं, एक शब्दही न लपवता. पण सांगितलं ते दुपारी. तोपर्यंत ते गाडीच्या मागावर गल्लोगल्ली हिंडत होते, कारण रिकामी दोरी घेऊन घरी यायचा त्यांना धीर होत नव्हता. वाइंडिंगवाल्याने शटर ओढलं आणि तो फोन करत सुटला. नगरपालिकेत कुणी म्हणे, ते काम आता ठेकेदाराकडे आहे. ठेकेदार म्हणे, केंद्र गावाबाहेर आहे आणि संध्याकाळी बंद होतं. दुसऱ्या दिवशी तो तिथे पोचला तेव्हा सुतळ्या पिंजऱ्यात गुंगीत पडला होता. नसबंदी उरकली होती आणि ओळखीची खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापलं होतं.

तिथली डॉक्टरीण तरुण होती, डोळे ओढलेले. "आमच्या माणसाने विचारलं होतं हो," ती म्हणाली. "माझा नाही, असं सांगितलं त्यांना. मला खरंच वाईट वाटतंय. पण आता काय करू मी, सांगा."

भांडायचंच म्हणून तो तिथे गेला होता. पण तिच्या मागे पिंजऱ्यांची रांग होती आणि तिच्या हातमोज्यांवरचं रक्त अजून वाळलं नव्हतं. "टाके कधी काढायचे?" एवढंच त्याने विचारलं.

प्रदर्शनात कुत्रे बघतात ते मुळात पैदाशीसाठी. त्यामुळे नर आला की परीक्षक त्याच्या मागच्या पायांमध्ये हात घालून सगळं जागच्या जागी आहे ना ते चाचपतो. नसेल तर कुत्रा बाहेर, मग तो कितीही देखणा असो. तरीही वाइंडिंगवाला क्लबच्या बाईंकडे गेला. बाई चांगल्या होत्या. त्यांनी चहा दिला, कान पाहून हळहळल्या. "नियम काही माझ्या हातात नाही," त्या म्हणाल्या. "पण यंदापासून नसबंदी झालेल्यांचा एक वर्ग ठेवलाय. सगळ्यात शेवटी. त्यातून चॅम्पियन नाही होता येत. पण आणा की. त्याला तरी काय कळणार आहे?"

सुतळ्याचं पिल्लू हवं म्हणून आधीपासून सांगून ठेवलेल्या माणसाने मादी दुसरीकडे नेली. बाजारात थट्टा सुरू झाली. "संन्यास घेतला म्हणे तुमच्या पोराने," चहावाला म्हणाला, आणि बाकीचे चहाच्या कपात तोंड लपवून हसले. वाइंडिंगवालाही हसला. दुसरं करणार काय?

सासऱ्यांना तो एका शब्दानेही बोलला नाही. फक्त सुतळ्याला घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ते चपला घालून दाराशी उभे राहिले तेव्हा म्हणाला, "राहू द्या मामा, मी नेतो." आवाज अगदी नेहमीचा. तिसऱ्या दिवशी सासरे दाराशी आले नाहीत.

बायकोने आठवडाभर हे पाहिलं. मग एकदा दुकानातच येऊन बसली. "अहो, एकदा काय ते ओरडा त्यांच्यावर."

"वेडी आहेस का? सासऱ्यांवर ओरडू?"

"ओरडा. ते वाट बघतायत. तुम्ही नुसते मामा मामा करताय, तेच त्यांना लागतंय. घास उतरत नाही त्यांच्या घशाखाली."

त्याला पटलं. जेवणं झाल्यावर तो ठरवून सासऱ्यांच्या खोलीत गेला. ते पलंगाच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसले होते, बोलणी खायच्या तयारीनेच जणू. त्याने घसा साफ केला. राग पोटात होता, भरपूर होता. पण समोर हा वाळका माणूस, आणि त्याने केलेला गुन्हा कोणता, तर खरं बोलला. मोटार जळली की कुठला वेढा जळलाय ते त्याला वासावरून सांगता यायचं. इथे बोट कशावर ठेवायचं तेच कळेना.

"पंख्याचा आवाज येतोय का हो, मामा?" तो म्हणाला.

"अं?"

"पंखा. आवाज येतोय का?"

"मला कुठला ऐकू यायला," सासरे म्हणाले.

तो स्टुलावर चढला, चालत्या पंख्याचं बटण बंद केलं नव्हतं म्हणून पुन्हा उतरला, ते बंद केलं आणि काहीही बिघडलेलं नसताना पंखा उतरवून दुरुस्तीला घेऊन गेला.

प्रदर्शनाला तो गेला. जायला नको असं शेवटपर्यंत म्हणत होता, पण सासरे कपडे करून तयार बसले होते. दिवसभर दोघं मैदानाच्या कडेला बसून राहिले. सुतळ्याच्या जुन्या वर्गात दुसराच कुत्रा जिंकला, पाठीला जरा ढिला होता. शेवटच्या वर्गाची वेळ आली तेव्हा मांडववाले खुर्च्या एकात एक घालून ठेवत होते. ध्वनिक्षेपकावरच्या माणसाने वर्गाचं नाव पुकारलं आणि त्याला हसू आवरलं नाही, ते मैदानभर ऐकू गेलं.

तीनच कुत्रे होते. एक सुटलेला झुबकेदार म्हातारा, एक आजारातून उठलेला, आणि सुतळ्या. रिंगणात पाय ठेवताच सुतळ्याची मान वर गेली. तो पळाला ते अगदी पूर्वीसारखं, जमिनीला धक्का न लावता. परीक्षकांनी दात पाहिले, खांदे पाहिले, सवयीने हात मागच्या पायांकडे नेला आणि मधेच थांबवला. मग पुन्हा उठून त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

पहिल्या नंबरची फीत वाइंडिंगवाल्याच्या हातात देताना ते खालच्या आवाजात म्हणाले, "काय केलंत हो हे? हा शाबूत असता तर आज सगळ्या मैदानात मी यालाच पहिला केला असता."

"चूक झाली," वाइंडिंगवाला म्हणाला.

कडेला सासरे एकटेच टाळ्या वाजवत उभे होते. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. "एवढं बोलत होते ते."

"चाल चांगली आहे म्हणाले."

सासऱ्यांनी मान हलवली. ऐकू आलं नसलं तरी त्यांनी जावयाचा चेहरा पाहिला होता.

पुढच्या आठवड्यात त्यांनी पुतण्याकडे जायचं काढलं. चार दिवस राहून येतो म्हणाले, पण सगळ्या सामानाची पिशवी भरली. बायको रडली, मग रागावली, मग तिने डबा करून दिला. वाइंडिंगवाला त्यांना बसपर्यंत सोडायला गेला. वाटेत तीनदा त्याच्या ओठांवर आलं, मामा, जाऊ नका. बस लागली. "पाण्याची बाटली घेतलीत ना?" त्याने विचारलं. सासऱ्यांनी ती खिडकीतून दाखवली.

आता तो दर रविवारी फोन करतो. सासरे सुतळ्याची चौकशी करतात. सुतळ्याला जरा चरबी चढली आहे, आणि आता तर शेजारणींनाही तो दिसायला बरा वाटतो. एकदा क्लबच्या बाईंचा फोन आला. पुढच्या प्रदर्शनाला त्या वर्गात कुणी नाव दिलं नाही तर वर्ग बंद करावा लागेल म्हणाल्या. ते त्याने सासऱ्यांना सांगितलं, मोठ्याने, पुन्हा पुन्हा, बाजारातली माणसं वळून बघेपर्यंत.

"मामा, तुम्ही या प्रदर्शनाच्या आधी. सकाळचं त्याला तुम्हीच न्या."

पलीकडे सासऱ्यांनी घसा साफ केला. त्याला वाटलं, ऐकू गेलं.

"इकडे थंडी फार आहे," सासरे म्हणाले. "गुडघे धरतात. तुमच्याकडे कशी आहे?"

"आमच्याकडेही आहे," तो म्हणाला.