सतरा नंबरचा बिल्ला

नौदलाच्या जहाजावर बॉयलर रूममध्ये माझी नेमणूक झाली तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. वॉचवर, म्हणजे पाळीला, माझा जोडीदार किसन; तो लीडिंग स्टोकर, बॉयलरवरचा वरिष्ठ खलाशी. तो कासारसाईचा, मी पिरंगुटचा. बॉयलर रूममध्ये उतरायच्या हॅचपाशी, म्हणजे डेकमधल्या लोखंडी झाकणापाशी, एक लाकडी फळा होता. त्यावर खिळ्यांच्या दोन रांगा : ‘वर’ आणि ‘खाली’. प्रत्येकाचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला असे. उतरताना तो स्वतः खालच्या रांगेत लावायचा, चढून आल्यावर स्वतः वरच्या रांगेत. ‘स्वतः’ हा शब्द स्थायी आदेशात होता आणि तो आम्ही पाळत नव्हतो. जो आधी वर येई, तो जोडीदाराचाही बिल्ला हलवून टाकी. याला आम्ही दोस्ती म्हणत होतो.

त्या दिवशी जहाज नांगरावर होते. बॉयलर थंड करायचा होता. खाली आम्ही दोघेच. १४:३० वाजता काम संपत आले.

“तू हो म्होरं,” किसन म्हणाला. “येवढा व्हॉल्व्ह आवळतो आन् आलोच. माझा बिल्ला हलव. माझ्या वाटणीच्या मच्छीला हात लावू नको, लई हावरा हायेस.”

मी वर आलो. सोळा माझा, सतरा त्याचा. दोन्ही बिल्ले वरच्या रांगेत लावले आणि अंघोळीला गेलो.

१४:४० वाजता वाफेची नळी फुटली. अशा वेळी फळा पाहायचा आणि खाली कोणी नसेल तर हॅच बंद करायचे, असा आदेश होता. आमच्या विभागाच्या प्रमुखाने, चीफने, फळा पाहिला. “बोर्ड क्लिअर. हॅच बंद.” मी धावत पोहोचलो तेव्हा १४:४६ झाले होते.

“किसन दिसत नाही, चीफ.”

“बोर्ड क्लिअर आहे.”

“दिसत नाही, चीफ.”

‘किसन खाली आहे’ असे मी म्हणालो नाही. चीफने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि हॅच उघडायला लावले. तेव्हा १४:५५ झाले होते. किसन शिडीच्या वरून तिसऱ्या पायरीवर होता.

चौकशी मंडळापुढे मी जबाब दिला की किसन माझ्यासोबत वर आला, त्याने स्वतःचा बिल्ला स्वतः हलवला, पुढचे मला माहीत नाही. खाली सही केली. मंडळाने निष्कर्ष काढला : कर्तव्य संपल्यावर विनापरवाना खाली उतरल्याने, स्वतःच्या चुकीने मृत्यू.

ते जहाज आज एका किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभे आहे. वरच्या डेकवर, कर्तव्यावर मरण पावलेल्यांच्या नावांचा संगमरवरी फलक आहे. त्यावर किसनचे नाव नाही. त्यासाठी मी नौदलाच्या कार्यालयाला वर्षानुवर्षे पत्रे लिहिली. सोबत नियमांचे उतारे जोडले, स्मरणपत्रे पाठवली, अपिले केली. ‘योग्य कार्यवाहीसाठी अग्रेषित’ यापलीकडे उत्तर आले नाही. पितळ घासायला या लोकांकडे माणसे आहेत. एक नाव कोरायला नाहीत. माझा संताप खरा होता. अर्जातले मुद्दे खरे होते. एक मुद्दा मी कधीच लिहिला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात पारूवहिनी, किसनच्या पत्नी, म्हणाल्या, “भावजी, मला एकदा ती बोट दावा. भावकीत अजून म्हणत्यात, त्यो आपल्याच चुकीनं मेला. नाव हाय का न्हाई, माझ्या डोळ्यानं बघते.”

आम्ही गेलो. फलकावरची सर्व नावे मी त्यांना वाचून दाखवली. मग आम्ही बॉयलर रूमच्या हॅचपाशी आलो. तोच फळा, आता दोरीपलीकडे. बिल्ले लखलखीत. सगळे वरच्या रांगेत, सतराही.

“ह्यांचा कुटला?”

मी दाखवला. आणि तिथेच, पर्यटक शेजारून जात असताना, तो बिल्ला कोणी हलवला होता आणि जबाबात मी काय लिहिले होते, ते सांगितले.

“येवढी वर्सं कागुद लिवलं,” त्या म्हणाल्या, “आन् त्यात ह्ये लिवलं न्हाई व्हय?”

“नाही.”

त्यांनी दोरीवरून हात घातला, सतरा नंबर काढला आणि खालच्या रांगेत लावला. रखवालदार आला. “आजी, हात नाही लावायचा.” त्याने बिल्ला पुन्हा वर लावला आणि फडक्याने पुसला.

परतीच्या प्रवासात त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आजतागायत बोललेल्या नाहीत.

घरी येताच मी शपथपत्र केले. त्यात तो मुद्दा पहिला लिहिला. या वेळी मात्र उत्तर आले. चीफ हयात नाहीत, अन्य साक्षीदार नाही. अर्जदाराचे आजचे म्हणणे चौकशी मंडळापुढील त्याच्याच स्वाक्षरीच्या जबाबाशी विसंगत असल्याने ग्राह्य धरता येत नाही. प्रकरण कायमचे बंद करण्यात येत आहे. मी ते चार वेळा वाचले. कायद्याने त्यात खोट काढता येत नाही. त्यांच्या जागी मीही हेच लिहिले असते.

ते पत्र मी पारूवहिनींना कासारसाईला पाठवले. पाकीट न उघडता परत आले.

लीडिंग स्टोकर किसन, बिल्ला क्रमांक सतरा. १४:४० वाजता तो खाली होता, व्हॉल्व्ह आवळत होता आणि कर्तव्यावर होता.