शेन काकांची ‘शी!’

शेजारचे चिनी शेन काका जेवेनासे झाले, तेव्हा त्यांच्या मुलापेक्षा मलाच जास्त घोर लागला. माझा स्वभावच तसा. काकू गेल्यापासून वेस्ट विंडसरच्या त्या मोठ्या घरात काका आणि डेव्हिड, दोघंच. शाळेतून आलेल्या माझ्या इलाला मी ऑफिसातून येईपर्यंत काकाच सांभाळतात. सायकलची उतरलेली चेन बसवून देतात, पत्त्यांत मुद्दाम हरतात. इंग्रजी मोजकंच, पण त्यावर दोघांचं छान चालतं.

मी वरणभात नेला. काका ताटलीकडे बघून म्हणाले, “शी!” दुसऱ्या दिवशी खिचडी नेली. पुन्हा “शी! यू.”

“बघ, मला तोंडावर शी म्हणतात,” मी इलाला म्हटलं.

“मॉम, ते तुझं शी नाहीये! यू म्हणजे फिश.” इला शाळेत चिनी शिकते.

डेव्हिडने सॅल्मन आणला, तिलापिया आणला. काकांनी सगळं बाजूला सारलं. “शी म्हणजे दहा, दगड, वेळ, काहीही,” तो वैतागून म्हणाला. “मी कुठलं धरू?”

शेवटी काकांनी इलाचा हात ओढला आणि तळव्यावर बोटाने अक्षर काढलं. डावीकडे मासा, उजवीकडे वेळ. दोन्ही अक्षरं तिला येत होती, पण अशी जोडलेली तिने कधी पाहिली नव्हती. फोनवर शोधलं: ठरल्या ऋतूत समुद्रातून नदीत चढणारा मासा, म्हणून हे अक्षर. फोटो बघून मी ओरडलेच, “अरे, हा तर आपल्या पाला माशाचा भाऊ!”

काकांच्या यांगत्से नदीत तो आता मिळत नाही. पण वसंतात आमच्या डेलावेअर नदीत शॅड चढतो, तोही त्याच कुळातला. डेव्हिड शनिवारी घेऊन आला. मी अलिबागची, बाह्या सरसावून खवले साफ केले, आलं घालून वाफवला.

ताट बघताच काका भडकले. डेव्हिडला कितीतरी वेळ सुनावत राहिले.

“काय झालं रे?”

“विचारतायत, खवले कुणी काढले? हा खवल्यांसकट वाफवायचा, खरी चरबी त्यांच्याखालीच असते.” डेव्हिडला हसू आवरेना. “आई गेल्यापासून एवढं बोललेच नव्हते!”

बडबडतच काकांनी पाठीचा तुकडा उचलला, त्यातले असंख्य बारीक काटे निवडले आणि आधी इलाच्या ताटलीत ठेवला. मग भाताचा वाडगा जवळ ओढून जेवायला लागले. मी मात्र इलाच्या घशाकडे बघत बसले होते.