आतोबांचे दोन आवाज

आमच्या आतोबांनी सांगितल्याशिवाय रोहा-अष्टमी या जोडगावांत कोणी नीट मेलंच नाही. म्हणजे माणसं जात होती, पण आतोबांची रिक्षा फिरून गेल्याशिवाय ते जाणं कोणी पक्कं धरत नसे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. रिक्षाच्या टपावर कर्णा, हातात माइक आणि साड्यांचा सेल, सर्कस, नळाचं पाणी, हरवलेली म्हैस, कोणाचं निधन, सगळं एकाच भरदार आवाजात. त्या आवाजाचा त्यांना भारी अभिमान. दही वर्ज्य, लोणचं वर्ज्य, पंख्याखाली झोपणं वर्ज्य. बारशाला कोणी आइस्क्रीम पुढे केलं तर विंचू दाखवल्यासारखे मागे सरकत. घरातही ते बोलत नसत, जाहीर करत. पडवीतून ‘चहा ठेवण्यात यावा’ असं निघालं की शेजारच्या घरांतही आधणं चढतात, असं आत्या म्हणायची.

निधनाची रिक्षा काढायची असली की मात्र ते आधी त्या घरी जाऊन बसत. गेलेल्याला लोक काय हाक मारत, दाराशी कोणतं झाड आहे, चालताना कोणता पाय ओढत, सगळं विचारून घेत. मग ‘चिंचेखालचे, मोठ्याने शिंकणारे’ असं काहीबाही कर्ण्यातून यायचं. ऐकणाऱ्याला आधी हसू फुटायचं आणि लगेच तो पायांत चपला शोधायला लागायचा. एका कोपऱ्यावर ते नाव दोनदाच घेत. असं का, म्हणून मी एकदा विचारलं, तर ‘तिसऱ्या हाकेला ओ देतात, पोरी,’ एवढंच बोलून त्यांनी ताटात भात कालवला.

मी पेणला राहते, धाटावच्या एका कंपनीत नोकरी करते. लवकर सुटले की अष्टमी गावात आत्याकडे डोकावते. अशाच एका दुपारी मी आणि आतोबा पडवीत जेवत होतो. त्यांच्या तोंडात घास होता, आणि पुलाच्या बाजूने आतोबा बोलायला लागले. साड्यांचा सेल. तोच आवाज, ‘बंधूंनो’ म्हणण्याआधी घेतलेला तोच बारीकसा श्वास. आतून आत्या म्हणाली की हे माणूस जेवण टाकून कुठं गेलं बघ. वाढायला आमटीचं भांडं घेऊन ती बाहेर आली, तिने आतोबांकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि भांडं फार जपून खाली ठेवलं. रिक्षा दारावरून गेली. आत एकटा ड्रायव्हर. आतोबांना बघून त्याने अदबीने हात वर केला.

रिक्षा-कर्ण्याच्या मालकाने आतोबांची कॅसेटच्या काळापासूनची सगळी रेकॉर्डिंग कॉम्प्युटरला ऐकवून तो आवाज बनवला होता. त्याने हे लपवलंही नाही. आता तुम्ही आराम करा, हा आवाज दमत नाही, बसत नाही, असं त्याने अगदी प्रेमाने सांगितलं. त्यानंतर आतोबा बोलेनासेच झाले. एकदा मी त्यांना आरशासमोर गळ्यावर तळवा ठेवून हळूच ‘आ’ करताना पाहिलं, अजून आत काही उरलंय का हे चाचपत असल्यासारखं. आणि आत्याला सवय लागली. बाहेर कर्णा वाजला की ती हातातलं काम सोडून पडवीत यायची, आतोबा खुर्चीत आहेत ना ते बघायची, आणि परत आत जायची.

मग एक दिवस त्या आवाजाने नारायण म्हात्रे गेल्याचं सांगितलं. झाड नाही, शिंक नाही, नुसतं नाव, आणि तेही रिक्षा फिरेल तितक्या वेळा. आमच्याकडे नारायण म्हात्रे पुष्कळ. लोक हार घेऊन तळ्याजवळच्या शिंप्याकडे गेले, तर तो मशीनवर बसून झंपर शिवत होता. बाजारातून त्याची बायको धावत आली आणि हारवाल्यांना ढकलत आत घुसली. दिवेलागणीला तो स्वतः आत्याकडे आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

“तुमचा आवाज कधी चुकला नाय,” तो म्हणाला, “म्हणून मला वाटलं, माझंच कायतरी चुकतंय.”

आत ये म्हटलं तरी येईना. ज्या तोंडाने सांगितलं त्याच तोंडाने परत घ्या, एवढंच त्याचं मागणं होतं. तो आवाज मशीनचा, हे आतोबांनी समजावलंच नाही. उठले, पायांत चपला घातल्या, त्याचा हात धरला आणि त्याला गल्लीगल्लीतून नेलं. मी मागे होते. कर्णा नाही, माइक नाही. प्रत्येक कोपऱ्यावर उभे राहून ते सांगत होते:

“नारायण म्हात्रे, शिंपी, तळ्याजवळचे, जिवंत हायत. माझ्या बाजूला उभे हायत. हात लावून बघा.”

लोकांनी खरंच हात लावून बघितला. एका म्हातारीने तर चिमटाही काढला. तो ओरडला, तेव्हा कुठे ती हसली.

त्याला घरी पोचवून आतोबा शोध घेत खरोखर गेलेल्या नारायण म्हात्रेंच्या घरी गेले. तिथे कोणीच फिरकलं नव्हतं. त्यांची बायको एकटी बसली होती. आतोबा तिच्याजवळ बसले आणि गेलेल्याला काय हाक मारत, असं विचारलं. मग ते निधन सांगत पुन्हा पायीच निघाले. माणसं दारं उघडून आधी त्यांचं तोंड बघत आणि मगच खांद्यावर टॉवेल टाकून निघत.

तेव्हापासून सेल कर्ण्याचे आणि निधनं आतोबांची, असं आपोआपच ठरून गेलं. कर्ण्यावर कोणाचं नाव आलं तर लोक जागचे हलत नाहीत, आतोबांची वाट बघतात. पण उन्हातान्हात उघड्या गळ्याने ओरडून त्यांचा आवाज पार फाटला. हल्ली समोर बसूनही कान द्यावा लागतो.

परवा गेले होते, तेव्हा आत्या तांदूळ निवडत होती. पुलावरून रिक्षा आली. कुकरचा सेल. आत्याचा हात सुपातच थांबला. खुर्चीकडे न बघता ती रस्त्याकडेच बघत राहिली.

“लग्न झालं तेव्हाचा आवाज हाय हा,” ती म्हणाली.

आतोबाही परक्याचं ऐकावं तसे ऐकत होते. रिक्षा लांब गेल्यावर त्यांनी विचारलं, “चांगला होता, नाय गो?”

“व्हता,” आत्या म्हणाली, आणि सूप बाजूला सारून त्यांच्या गुळण्यांसाठी पाणी गरम करायला आत गेली.