ब्र न काढणारी ताई

माझी ताई रंगांच्या कारखान्यात आहे. छटा जुळवणं हे तिचं काम. रंगवलेल्या दोन पट्ट्या खिडकीशी धरल्या की केसाएवढा फरकही तिच्या नजरेतून सुटत नाही. विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली, तेव्हा ती ताईलाच मिळणार असं शिपायापासून सगळे धरून चालले होते. तिलाही ती मनापासून हवी होती. आयुष्यात तिने धरलेला हट्ट असा हा एकच.

मुलाखतीहून आली आणि चपला न काढताच खुर्चीत बसली.

"नाही झालं," म्हणाली.

मोठ्या साहेबांनी तिच्यासमोर दोन पट्ट्या ठेवल्या होत्या. म्हणाले, "दोन्ही अगदी सारख्या आहेत. पाठवून देऊ ना माल?" त्यातली एक चक्क पिवळसर होती. ताई म्हणाली, "हो सर."

मी उडालेच. "अगं, तुला दिसलं नाही?"

"दिसलं की. दारातूनच दिसलं."

"मग?"

"ते म्हणाले ना, सारख्या आहेत. एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर चूक कसं म्हणायचं?"

साहेबांनी मुद्दाम खडा टाकून पाहिला होता. त्यांना आपली चूक दाखवणारं माणूस हवं होतं. तसं त्यांनी नंतर तिला सांगितलंसुद्धा.

आमच्या वडिलांनी, अण्णांनी, आम्हा दोघींकडून एकच धडा गिरवून घेतला: मोठ्यांसमोर ब्र काढायचा नाही. मी पहिल्यापासून तोंडाळ, म्हणून शाळेत निम्मा वेळ वर्गाबाहेर. ताई मान खाली घालून ऐकायची आणि बक्षिसं आणायची. मुलगी असावी तर अशी, असं शिक्षक म्हणायचे आणि अण्णांची छाती फुगायची. मला मात्र तिचा असा राग यायचा, काय सांगू!

अण्णा आतून सगळं ऐकत होते. लालबुंद होऊन बाहेर आले.

"तोंड शिवलं होतं का तुझं? समोर धडधडीत चूक दिसतेय आणि गप्प बसलीस? कुणी शिकवलं हे तुला?"

मी मनात म्हणत होते, बोल बाई, आता तरी बोल, एकदाच! उत्तर तर तिच्या पुढ्यातच उभं होतं.

ताई खुर्चीतून उठली. तिची मान खाली गेली.

"चुकलं, अण्णा."

अण्णांनी पुढचं बोलायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.