थांबाबाईंची कच्ची बैठक

आमच्या विषाणू विभागाच्या प्रमुख बाईंना अख्खी इमारत पाठीमागे थांबाबाई म्हणते. हे नाव बहुधा मीच पाडलं, कारण त्यांचं ‘थांबा’ सगळ्यात जास्त माझ्याच वाट्याला येतं. मी शेजारच्या प्रयोगशाळेत असतो, केस पिकलेत, आणि मधे तोंड घातल्याशिवाय मला राहवत नाही.

दर आठवड्याला बाई एक बैठक घेतात. तिचं नाव कच्ची बैठक. छापून आलेलं, पिकलेलं संशोधन तिथे चालत नाही. ताजं, अर्धवट, स्वतःलाच शंका असलेलं तेवढंच दाखवायचं. दूरदूरच्या प्रयोगशाळांतली पोरं पडद्यावरून सामील होतात. नियम एकच: तरुणांचे प्रश्न संपेपर्यंत ज्येष्ठांनी ब्र काढायचा नाही. मी घसा खाकरला तरी बाईंचा हात वर जातो. त्यांची लेक सांगते, घरी बाबांचीही हीच गत आहे.

बाईंची उमेदवारीची वर्षं गेली ती कपाटांना कुलपं लावणाऱ्या गुरूंच्या हाताखाली. त्यांचं काम कुलपात राहिलं, दुसऱ्यांनी तेच आधी छापलं आणि बाई हात चोळत बसल्या. तेव्हापासून लपवाछपवी म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं.

अलीकडेच या बैठकीत बाईंच्या हाताखालची तरुण संशोधक, नवी, बोलायला उभी राहिली. तिला येऊन बरेच दिवस झाले, तरी तिला नवीच म्हणतात. तिची नेमणूक संपत आली होती. मुदत वाढवायची की नाही हे निवड समिती ठरवणार होती, आणि समितीपुढे ठेवायला पोरीकडे एकच गोष्ट होती. सर्दीच्या एका विषाणूचा नवा प्रकार जुन्यापेक्षा जास्त वेगाने पसरतो, असं तिला दिसलं होतं. प्लेटमधल्या पेशींवर विषाणू सोडायचा, वर पातळ जेली ओतून गोठू द्यायची. विषाणू पेशी मारतो तिथे थराला भोकं पडतात. नव्या प्रकाराची भोकं चांगली मोठी होती. सगळ्यांना वाचता यावं म्हणून छापून यायच्या आधीच तिने ते इंटरनेटवर टाकलंही होतं.

पडद्यावरच्या एका मुलीने विचारलं, “ओतताना जेली किती गरम होती?”

नवी हसली. “बाटली गालाला लावून बघते. सोसली की ओतते.”

“आणि आधी कुठल्या प्लेटमध्ये?”

“नव्या प्रकाराच्या. नेहमीच...” म्हणता म्हणता नवीचा चेहरा उतरला.

“माझं अस्संच झालं होतं,” ती मुलगी ओशाळून म्हणाली. “पहिल्या प्लेटमधल्या पेशी मी चक्क भाजल्या होत्या. आणि कौतुक करत बसले विषाणूचं.”

आता सगळ्यांच्याच लक्षात आलं. जुन्या प्रकाराची पाळी येईपर्यंत जेली निवायची. विषाणू न घातलेल्या प्लेट तर सगळ्यात शेवटी, म्हणून त्या कायम स्वच्छ. भोकं विषाणूची की गरम जेलीची, कोण सांगणार?

बैठक संपल्यावर मी नवीला बाजूला घेतलं. “समिती होऊन जाऊ दे. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची.”

बाईंनी ते ऐकलं. “आणि दुसरीकडची पोरं हिच्या भोकांवर आपले प्रयोग रचतील, त्यांचे दिवस तुम्ही भरून देणार?” मग नवीकडे वळून त्यांनी आवाज खाली आणला. “लिहायचं तूच. मी शेजारी बसते.”

नवीने आपल्याच संशोधनाखाली लिहिलं: यात माझी चूक असू शकते, पुन्हा तपासते आहे. मला बाईंचा संताप आला. यांची खुर्ची पक्की, यांचं काय जातंय!

नवीने सगळं पुन्हा मांडलं. या वेळी थर्मामीटर लावून, आणि क्रम उलटा करून. प्लेट अजून उबेच्या कपाटात होत्या, भोकं पडायची होती, तेव्हाच समिती बसली. नवी परतली ती पडेल चेहऱ्याने. “फरक खरा आहे का, सगळ्यांनी तेवढंच विचारलं. मी म्हटलं, अजून माहीत नाही. संपलं माझं.” फोन बंद करून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोकं उठून दिसावीत म्हणून तिने प्लेटमध्ये जांभळा रंग घातला. बाई तिच्यामागे घुटमळत होत्या. “अगं, ऐक तरी.”

“नंतर, मॅडम, नंतर!”

नळाखाली रंग वाहून गेला. जुन्या प्रकाराची भोकं बारीक. नव्याची आधीइतकी मोठी नव्हती, थोडा वाटा गरम जेलीचा होताच. पण जुन्याशेजारी ठेवली तर लांबूनही फरक कळत होता. माझा जीव भांड्यात पडला.

नवी अजून प्लेटकडेच बघत होती. “आणि सारखी निघाली असती तर?”

“तर तसं लिहून नवा प्रश्न हाती घेतला असतास,” बाई म्हणाल्या. “मुदत वाढली आहे तुझी.”

“काय?”

“काल संध्याकाळीच ठरलं. स्वतःच्या कामावरची शंका जी चारचौघांत लिहिते तिला सोडायचं नाही, समितीतले म्हणाले. किती फोन केले तुला! सकाळपासून सांगतेय, ऐकतेस कुठे तू?”

नवीने हातमोजे काढले आणि पहिला फोन लावला तो पडद्यावरच्या त्या मुलीला. “भोकं मोठीच आहेत गं! आणि मी राहतेय इथेच.”

पलीकडून हुंदका आला. आपल्या प्रश्नाने कुणाची तरी नोकरी घालवली म्हणून ती बिचारी त्या दिवसापासून धड जेवलीही नव्हती.