गोळी घेतलीस का गं?

बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीत रोज सकाळी समोरच्या घरातून सासूची सुनेला हाक यायची, "गोळी घेतलीस का गं?" आणि माझा तिळपापड व्हायचा. समोरची आणि मी एकाच हंगामात लग्न होऊन आलेल्या. ती पाळणा लांबवायच्या गोळ्या घ्यायची सासूच्या हुकमाने, पाण्याच्या ग्लासासकट. मी त्याच गोळ्या सॅनिटरी पॅडच्या पाकिटात लपवून, बाथरूमचा नळ सोडून गिळायचे. मला बी.एड. पुरं करायचं होतं. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं, पण आईपुढे त्याचं तोंड उघडत नसे. आमच्याकडे नियम एकच: पहिलं होऊ द्या, मग काय ते प्लॅनिंग.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या घरी होतं. सासूबाईंनी सगळ्यांदेखत माझ्या ओटीत भलामोठा नारळ घातला. "यंदा तरी गोड बातमी दे बाई." समोरचीची ओटी भरायची वेळ आली तेव्हा तिची सासू हसत म्हणाली, "हिला नारळ नको हो, बँकेतली नोकरी कायम होऊ दे आधी." बायका कौतुकाने माना डोलवू लागल्या. हेच मी म्हटलं असतं तर बिल्डिंगभर शोभा झाली असती. मी जळून खाक झाले.

बायका गेल्यावर ती मागे थांबली.

"मजा आहे ना यार तुझी," मी फणकारले. "सासू स्वतः गोळ्या देते."

"मजा कसली? मला बाळ हवंय गं," ती म्हणाली. "मला कुणी विचारलंय?" तिची नजर माझ्या नारळावर होती. मी तो उचलून तिच्या पदरात टाकला. मला तो नकोच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली. "घेतली, आई!" ती खणखणीत म्हणाली, आणि थोड्या वेळाने विरजण मागायच्या निमित्ताने येऊन मुठीतली गोळी माझ्या हातावर ठेवून गेली.

आता दोघीही सासवांशी खोटं बोलत होतो. पण तिचं खोटं उघडं पडलं की बँक विसरून घरोघर पेढे वाटले जाणार होते. माझं पडलं की माझ्या वडिलांना बोलावणं जाणार होतं. तिच्या खोट्याचाही मला हेवा वाटला.