आकडेमामांची वजाबाकी

गल्लीत पाण्याचे मीटर बसले, जास्त पाण्याला चढा दर लागला, तेव्हापासून मीटर वाचायला येणाऱ्या माणसाचं तोंड बघायला कोणी तयार नव्हतं. मीही त्यातलीच. आम्ही त्यांना आकडेमामा म्हणायचो. गुडघे टेकून, मीटरची काच बाहीने पुसून ते आकडा मोठ्याने वाचत आणि वहीतल्या मागच्या आकड्याशी ताडून बघत. माणूस चौकस, नको तितका.

दर लागल्यावर सगळ्यांनीच हात आखडता घेतला. समोरच्यांनी गाडी धुणं सोडलं, आम्ही गळका नळ एकदाचा दुरुस्त केला. तिसऱ्या महिन्यात तर आमचं पाणी थेट निम्म्यावर आलं. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या चादरी मी दिवसातून दोनदा धुवायचे, त्या आता कोरड्या राहू लागल्या होत्या. मला वाटलं, त्यांना उतार पडतोय.

मामांनी मात्र वही मिटली नाही. "ताई, घरातलं कोणी बाहेरगावी गेलंय का?"

"नाही हो. काटकसर केली आम्ही."

"काटकसरीने थोडं उतरतं, सगळ्या गल्लीचं उतरलंय. तुमचं निम्मं झालंय. काय धुणं बंद केलंत?"

नसती उठाठेव, मी मनात म्हटलं. तरी चादरींचं सांगून टाकलं.

"आजारी माणसाच्या? मग ते पाणी पितात का, ते आधी बघा."

मी आत गेले. उशाशी तांब्या सकाळी भरला होता तसाच. उरलेलं पाणी मी रोज बादलीत ओतायचे, वाया जाऊ नये म्हणून. किती उरतंय हे कधी पाहिलंच नव्हतं.

"तुझा जीव किती खायचा गं," सासूबाई सुकल्या ओठांनी म्हणाल्या. "त्यात पाणीही महाग झालंय."

डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर काही खरं नव्हतं. सलाईन लागलं, त्या तरल्या.

मामांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, हे त्यांना तोंडावर सांगितलं. ते लाजले. "मी फक्त वजाबाकी केली, ताई."

सासूबाई पुढे चार वर्षं जगल्या. चादरी पुन्हा दिवसातून दोनदा धुतल्या, आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. आधी करायचे. त्यांनी पाणी पिणं टाळलं ते बिलापायी कमी, माझ्या त्या तोंडापायी जास्त. ते सुधारायला मला चार वर्षं मिळाली, ती आकडेमामांनी दिली.